पालकसभेतली पाच मिनिटं: बाईंशी नेमकं बोलायचं काय?

पेन्सिलीचं_टोक
मुलगी तिसरीत आहे. पुण्यातली अनुदानित मराठी शाळा, वर्गात पन्नासच्या वर पोरं. येत्या शनिवारी पालकसभा आहे आणि दर वेळी होतं तेच होणार. वर्गाबाहेर रांग, मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले पालक. नंबर आला की बाई प्रगतीपत्रक पुढे सरकवणार, "हुशार आहे हो, पण बडबड फार." मी "हो ना, घरीपण तसंच" म्हणणार, सही करणार आणि मागच्यांना जागा करून देणार.

बाईंबद्दल तक्रार अजिबात नाही. चांगल्या आहेत, लेकीला आवडतात. पण वर्षातून तीन-चारदा मिळणारी ही पाच मिनिटं अशीच जातात. म्हणून दोन प्रश्न. पालकांना: तुम्ही काय बोलता? आणि इथे जे शिक्षक आहेत त्यांना: आम्ही काय बोललेलं तुम्हाला उपयोगी पडतं? की आम्ही पटकन सही करून निघालेलंच बरं?

खरी उत्तरं द्या, गोड नकोत.

शेवटचा_बाक
पाच मिनिटं? नशीबवान आहात. आमच्याकडे दीड मिनिट, त्यातलं अर्धं मागचे काका "झालं का?" विचारण्यात खातात.

खडूची_धूळ
मी प्राथमिकला शिकवते, नाशिककडे, अनुदानित शाळेतच. गोड नको म्हणालात म्हणून सांगते: "अभ्यासात कशी आहे?" हा प्रश्न कृपया विचारू नका. त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या कागदावर असतं, आणि बाहेर अजून वीस जण उभे असताना मी सरधोपटच काहीतरी बोलणार. "हुशार आहे पण" हे आमचं तयार वाक्य आहे. पुढे मुलगा असेल तर मस्ती, मुलगी असेल तर बडबड.

त्यापेक्षा असं विचारा की मला आठवावं लागेल. डबा कोणाबरोबर खाते? उत्तर येत असताना हात वर करते, की विचारल्यावरच सांगते? गणित चुकलं की खोडून पुन्हा करते, की शेजारणीच्या वहीत डोकावते? कुठल्या तासाला खिडकीबाहेर बघत बसते? असं कोणी विचारलं की मी खरंच थांबते. आणि मला उत्तर देता आलं नाही, तर पुढचा आठवडाभर त्या मुलीकडे माझं लक्ष जातं. तोही तुमचा फायदाच.

दुसरं म्हणजे तुम्ही आम्हाला सांगा. घरातलं सगळं नको, शाळेपर्यंत पोचायला हवं तेवढंच. माझ्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर तिसऱ्या तासाला डोकं टेकून झोपायला लागला. डायरीत लिहून पाठवलं, "वर्गात झोपतो, लक्ष द्यावे." खाली सही आली. पुन्हा लिहिलं, पुन्हा सही. शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीच्या बाईंकडून कळलं की आईला कंपनीत दुसरी पाळी लागलीय, ती बारा वाजता घरी येते आणि तोवर हा बहिणीला धरून जागा असतो. आता मी त्याला वाचायला पहिल्या तासालाच उभं करते. तिसऱ्या तासाला झोपला तर झोपू देते. सहीच्या जागी एक ओळ आली असती तर हे दिवाळीनंतर लगेच झालं असतं.

चकलीचा_काटा
प्रगतीपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींबद्दलही बोला कोणीतरी. आमच्या चिरंजीवांच्या "आवड/छंद" रकान्यात दर सत्राला "प्राणिमात्रांवर प्रेम करतो" असतं. मांजर दिसलं की हा टेबलावर चढतो.

कोपऱ्यातला_काका
पुतणीच्या "सुधारणा आवश्यक" मध्ये "त्याने अक्षर सुधारावे" आलं होतं. पुतणीच्या. त्याने.

खडूची_धूळ
हाहा, तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या गटांत फिरतात, नाकारत नाही. पन्नास मुलं, सात-आठ विषय, दोन सत्रं. करा गुणाकार. २०१० च्या सुमारास सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा कल्पना चांगलीच होती: मुलाला नुसतं मार्कांत मोजू नका, रोज बघा आणि दिसेल ते लिहा. बघायला वेळ उरला नाही, लिहायचं तेवढं राहिलं.

हिशेबनीस
मी वेगळं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. ठाणे, इंग्रजी माध्यम, खासगी शाळा, फी विचारू नका. "पालक हे शाळेचे भागीदार" असं गेटवरच रंगवलंय. भागीदारी म्हणजे काय, तर रविवारी रात्री नऊला निरोप येतो: उद्या ज्वालामुखी आणावा. कामच हिशेबाचं असल्यामुळे भागीदारी म्हटलं की मला नफा-तोटा दोघांचा असतो एवढं कळतं. इथे मुलाला बक्षीस मिळालं की शाळेचा फलक, मार्क कमी पडले की "घरी अभ्यास घेत नाही का?"

शाळेनं शिकवावं. आम्ही वेळेवर झोपवून, उठवून, खाऊ घालून पाठवू. मला एवढी वाटणी पुरे. पालकसभेत मी "काही प्रॉब्लेम आहे का?" विचारतो, "नाही" म्हणाल्या की थँक्यू म्हणून पार्किंगमध्ये.

शेवटचा_बाक
२०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा वाटलं सुटलो. आता तेच किल्ले पुठ्ठ्याचे करतो.

आईचा_रविवार
@हिशेबनीस, बरंचसं पटलं. पण "आम्ही झोपवून, उठवून, खाऊ घालून" यातले आम्ही म्हणजे कोण? आणि ज्वालामुखी कोणी केला?

हिशेबनीस
बायकोनं. पण खायचा सोडा मीच आणला.

आईचा_रविवार
वाटलंच.

मुद्द्यावर येते. "पालक-शिक्षक सहकार्य" हा शब्दप्रयोग जिथे दिसेल तिथे "पालक" खोडून "आई" लिहा, वाक्य जसंच्या तसं चालतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत माता-पालक संघ असायचा. पिता-पालक संघ कोणी ऐकलाय? आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चाळीस आया आणि चार बाबा आहेत, ते चार फक्त क्रिकेटच्या सामन्याचे दिवस सोडून सहलीच्या तारखा असाव्यात का यावर बोलतात. सभा ठेवतात बुधवारी अकराला. मी अर्धी रजा टाकून जाते, आणि तिथे विचारलं जातं, "घरी वेळ देता ना मॅडम?" अहो, आत्ता या क्षणी देतेच आहे ना!

शाळांनी एवढं केलं तरी पुष्कळ: सभा शनिवारी किंवा संध्याकाळी ठेवा, आणि निरोप दोघांच्याही फोनवर पाठवा.

खडूची_धूळ
संध्याकाळी ठेवली तर आमची मुलं कोण बघणार, हाही एक प्रश्न आहे. आम्हीही कुणाच्या तरी आया आहोत. शनिवार चालेल.

जिप_गुरुजी
तुमची चर्चा वाचतोय. इकडचं थोडं सांगतो, लांबेल.

मी बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर. आमच्या गावातले निम्म्याहून जास्त आईबाप दसरा-दिवाळीच्या पुढे-मागे ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष पालकसभेला समोर आजी बसलेली असते. ती सही करत नाही, अंगठा देते. तिला प्रगतीपत्रक दाखवून काय बोलणार? सुरुवातीला मीही नियमाप्रमाणे वाचून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "पोरगं जेवतं का शाळेत?" तिच्या दृष्टीनं सभेचा मुद्दा तोच. आणि खरं सांगू, बरोबरच होतं तिचं. खिचडी किती खाल्ली, कोणाशी भांडला, आई गेल्यावर रडला का, हे आम्ही एकमेकांना सांगायला लागलो तेव्हापासून त्या आज्या स्वतःहून शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात.

आईबाप जाताना मुलाला सोबत नेणार असतील तर शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे ऊसतोडीचा फड पडेल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेतात. कागद सोपा आहे, बापाला तयार करणं अवघड. तो म्हणतो, धाकटीला कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीवर, सांभाळायला कोण? मुलगा तोडायला जात नाही, बहिणीला सांभाळायला जातो. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर गावात राहण्याची सोय होते. ते सुरू व्हायला उशीर झाला की गाड्या निघून गेलेल्या असतात. म्हणून मी कागदांची वाट बघत नाही. पोळा झाला की घरोघर जायला लागतो.

आणि जाऊन पहिल्यांदा पोराची तक्रार सांगायची नाही. आधी पाऊस, मग उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, मग टोळी नेणारा मुकादम कोण. त्यानंतर, "परवा तुमच्या पोरानं वर्गात गोष्ट सांगितली, घरी सांगितली का?" बापाला माहीत नसतं. तो पोराला हाक मारतो, पोरगं लाजत लाजत सांगतं. एवढं झालं की "ह्याला मागं ठेवा" म्हणायला तोंड उघडता येतं. सगळे ठेवतात असं नाही. काही ठेवतात.

फडावर गेलेल्या आयांना मी मुलाच्या वाचनाचा आवाज पाठवतो. फोन बऱ्याचदा मुकादमाचा असतो. एका आईनं उत्तरादाखल ऊस तोडताना म्हटलेली ओवी पाठवली होती, ती आम्ही वर्गात ऐकली.

पेन्सिलीचं_टोक
गुरुजी, नमस्कार घ्या. मला माझ्या पाच मिनिटांची तक्रार करायचीच लाज वाटायला लागली.

जिप_गुरुजी
तसं नको ताई. तुमचा प्रश्न तुमच्या जागी खराच आहे. माझ्या वर्गात वीस पोरं, मला नावानिशी आज्या माहीत असतात. पन्नास असती तर मीही "हुशार आहे पण" म्हटलं असतं.

कलमबहाद्दर
इथे कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २४ आहे. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ती पाच मिनिटं ही मेहेरबानी नाही. कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. पेन्सिलीचं_टोक, तुमची शाळा अनुदानित आहे, तुमच्याकडे ही समिती असणार. कोण आहे त्यात, माहीत आहे?

@हिशेबनीस, तुमच्या विनाअनुदानित शाळेला ते कलम लागू नाही, पण महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. शाळेनं पालक-शिक्षक संघ करायचा, कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवायचा. फी विचारू नका म्हणता, पण विचारायचा हक्क तुमचाच.

हिशेबनीस
चिठ्ठी टाकली होती. ज्यांचं नाव आलं त्या गृहस्थांना आपलं नाव आलंय हे सहा महिन्यांनी कळलं.

कोपऱ्यातला_काका
मी होतो अशा व्यवस्थापन समितीवर, तालुक्याच्या गावी. रजिस्टर घरी यायचं सहीला. चहा पण आमचाच. मात्र एक सांगतो, आमच्यात एक बाई होत्या, घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, मुलींच्या संडासाची कडी कधी बसवणार? मुख्याध्यापक म्हणाले निधी आला की. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कडी घेऊन आल्या आणि बसवून, बिल रजिस्टरला टाचून गेल्या. पुढच्या बैठकीपासून रजिस्टर घरी यायचं बंद झालं, सगळ्यांना शाळेत बोलवायला लागले.

चकलीचा_काटा
अशा बाई प्रत्येक तालुक्याला एक वाटा.

जुनेजाणते
आमच्या वेळी हे सगळं नव्हतं. वडील शाळेत एकदाच आले, दाखल करायला. म्हणाले, "गुरुजी, हाडं माझी, चामडं तुमचं." झाली पालकसभा. शिकलो की आम्ही.

कलमबहाद्दर
चामडं आता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ खाली सुरक्षित आहे, मारायला बंदी.

आईचा_रविवार
@जुनेजाणते, जे नाही शिकले ते इथे प्रतिसाद लिहायला नाहीत, म्हणून "शिकलो की आम्ही" असं वाटतं.

जुनेजाणते
मान्य. माझाच मोठा भाऊ चौथीतून सुटला, त्याच चामड्यापायी.

पाढेपाठ
मास्तर-पालक भांडणांचा विषय निघालाच आहे तर २०१९ आठवा. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर विनोद, अग्रलेख, विधिमंडळ सगळं झालं. मी तेव्हा दुसरीचा पालक. घरी आजी "सत्त्याहत्तर" घोकून घ्यायची, शाळेत बाई "सत्तर सात" म्हणायच्या, पोरगा मधल्या मध्ये.

आमच्या बाई खमक्या. त्यांनी सगळ्या पालकांना वर्गात बसवलं, कागद दिले आणि म्हणाल्या, लिहा आकड्यात: एकोणऐंशी. तिघांनी ८९ लिहिलं, त्यातला एक इंजिनिअर. मग त्यांनी फळ्यावर मुलांच्या चुका दाखवल्या, पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी किती आहेत ते. पद्धत योग्य की अयोग्य यावर सभेत एकमत झालं नाहीच. पण घरी काय करायचं ते ठरलं: दोन्ही म्हणा, पोरासमोर बाईंना नावं ठेवू नका.

कोपऱ्यातला_काका
तो इंजिनिअर तुम्हीच ना?

पाढेपाठ
नो कॉमेंट्स.

टोकियोकर
अवांतर होईल, पण जपानचं सांगतो. मुलगा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत होता. रेनराकुचो नावाची एक छोटी वही रोज दप्तरात ये-जा करते. उद्या काय आणायचं ते मूल लिहितं, आणि पालकाला काही सांगायचं असेल तर तो लिहितो, बाई वाचून शिक्का मारतात किंवा दोन ओळी उत्तर देतात. ताप होता, रात्री झोपला नाही, आज पोहायला नको, इतकं साधं. माझं जपानी कच्चं, मी चित्रं काढायचो. बाईही चित्रांनी उत्तर द्यायला लागल्या.

शिवाय बऱ्याच शाळांत वसंतात, नवं वर्ष सुरू झालं की, शिक्षक प्रत्येक मुलाच्या घरी दहा-पंधरा मिनिटं जाऊन येतात. आता काही ठिकाणी हे कमी होत चाललंय. आमच्या बाई दारातच उभ्या राहून बोलल्या, आत आल्या नाहीत, चहाही नाही.

चकलीचा_काटा
चहा नाही? आमच्याकडे बाई येणार म्हटलं तर आई पडदे धुवेल, पोहे, शिरा, वर ओटी भरेल. मुलाबद्दल बोलायचं राहूनच जाईल.

शेवटचा_बाक
आमच्या घरी गुरुजी यायचे ना. खास करून मी पळून आलेलो असायचो तेव्हा.

खडूची_धूळ
अशी वही आपल्याकडे डायरीच्या रूपात आहेच की. फरक एवढाच की आपण तिच्यात फक्त गुन्हे लिहितो. मी वर्षाच्या सुरुवातीला, काही बिघडायच्या आधी, प्रत्येक मुलाच्या डायरीत एक बरी ओळ लिहून पाठवते. "आज जनाबाईंची ओवी पाठ म्हटली" किंवा "डबा शेजारणीला दिला". रोज चार-पाच मुलं घेतली की पंधरवड्यात वर्ग होतो. मग जुलैत तक्रार गेली तरी पालक अंगावर येत नाहीत.

आणि व्हॉट्सअ‍ॅपबद्दल हात जोडून: रात्री साडेअकराला "मॅडम, उद्या निळी वही की लाल?" विचारू नका. लाल.

रेघांची_वही
मी इथे सहसा लिहीत नाही. आमचा मुलगा तोंडी सगळं सांगायचा आणि पेपर कोरा ठेवायचा. घरी आमचं मत पक्कं होतं, आळशी आहे. मुंबईतली शाळा. चौथीच्या बाईंनी पालकसभेत काहीच काढलं नाही, "तुम्ही दोघं बुधवारी सुटल्यावर या" एवढंच. गेलो. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर परिसर अभ्यासाच्या दहा प्रश्नांची त्यानं तोंडी दिलेली उत्तरं त्यांनी स्वतः लिहून घेतलेली, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यावर त्याच दहा प्रश्नांची त्यानं लिहिलेली उत्तरं. पहिला कागद भरलेला. दुसऱ्यावर अडीच ओळी, वेलांट्या गळालेल्या, एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, आणि पेन्सिल दाबून दाबून कागद फाटलेला.

त्यांनी कुठल्याही आजाराचं वा अक्षमतेचं नाव घेतलं नाही. "हे दोन्ही तोच मुलगा आहे. मला कळत नाहीये, आपण कळणाऱ्याला विचारूया" म्हणाल्या. सभेत, चारचौघांत, "तुमच्या मुलाला तपासून घ्या" म्हटलं असतं तर नवरा तिथून उठून गेला असता, मी ओळखते त्याला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासण्या झाल्या, बरेच हेलपाटे पडले, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं. दहावीला जादा वेळ मिळाला.

पेन्सिलीचं_टोक, म्हणून माझं मत: पाच मिनिटांत महत्त्वाचं काही बोलूच नका. त्या पाच मिनिटांत फक्त वेगळी वेळ मागा.

खडूची_धूळ
हे वाचून थांबले. अशी शंका आली की आम्हालाही धास्ती असते हो. "माझ्या मुलाला वेडं ठरवता का?" हे मी समोरासमोर ऐकलंय. दोन कागदांची युक्ती उचलतेय.

पावसाळी_छत्री
सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं कडू बोलते. तुम्ही म्हणता बोला, सांगा, विचारा. बोलल्यावर मुलाला त्रास झाला तर? माझ्या मुलीला एक शिक्षिका सगळ्यांसमोर रंगावरून चिडवायच्या. आम्ही त्यांना एकटं गाठून, शांतपणे सांगितलं. त्यांनी तिथे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात "हिला काही बोलायचं नाही बरं का, हिचे आईबाबा येतात" सुरू झालं. मुख्याध्यापकांकडे गेलो तर "मुलं वाढवून सांगतात." शाळा बदलली. आता नव्या शाळेत मी पालकसभेला सही करते आणि निघते. मूल सहा तास त्यांच्या ताब्यात असतं. असल्या भागीदारीत एकाच बाजूचं मूल ओलीस असतं, हे विसरू नका.

हिशेबनीस
+१. मी विनोदात म्हटलं, पण पार्किंगमध्ये पळायचं खरं कारण हेच आहे. "काही बोलू नकोस बाबा, मॅडम मग माझ्यावर चिडतात," असं मुलानंच सांगितलंय.

खडूची_धूळ
असं होत नाही असं म्हणणार नाही. स्टाफरूममध्ये "ती तक्रारवाली आई" हे नाव मीही ऐकलंय. चिडवण्याच्या बाबतीत मी तोंडी गेलेच नसते, लेखी द्यायला हवं आणि पोच घ्यायला हवी, कलम १७ मध्ये मानसिक त्रासही येतो. पण बाकीच्या नव्वद टक्के गोष्टी, वही तपासली नाही, जागा बदला, मार्कांची बेरीज चुकली, त्या थेट मुख्याध्यापकांकडे किंवा गटावर गेल्या की आम्हीही कोशात जातो. आधी आमच्याकडे या.

पावसाळी_छत्री
कुठली गोष्ट नव्वदातली आणि कुठली दहातली हे तुम्ही ठरवणार, अडचण तिथेच आहे. असो. तुमच्यावर राग नाही.

कलमबहाद्दर
दोघीही बरोबर आहात. व्यवस्थापन समिती जिवंत असेल तर एकट्या आईला जावं लागत नाही, समितीतला पालक सोबत जातो.

कोपऱ्यातला_काका
जिवंत असेल तर. कडीवाल्या बाई शोधा.

चकलीचा_काटा
मध्येच आठवलं, २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचा आदेश निघाला होता ना, "आपले गुरुजी"? पालकांना बाई ओळखता याव्यात म्हणून असेल. आता पालकांचेही फोटो लावा, विशेषतः बाबांचे.

आईचा_रविवार
चकलीताई, साष्टांग.

जिप_गुरुजी
पावसाळी_छत्री यांचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. एक जोडतो. २०२२ ला शाळापूर्व तयारीचं अभियान आलं, पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे वस्तीवर छोटे गट करायचे, त्यांना दर आठवड्याला आयडिया कार्ड द्यायचं, घरातल्याच वस्तूंनी खेळत शिकवायचं. कडधान्यं वेगळी करा, भांडी लहान-मोठी लावा, असलं. मला वाटलं आणखी एक उपक्रम, फोटो काढा आणि लिंक भरा. फोटो काढावे लागलेच. पण त्यातून एक झालं, आया एकट्यानं शाळेत यायच्या बंद झाल्या. पाच-सहा जणी मिळून येतात. एकटी बाई मान खाली घालून उभी राहते, पाच जणी आल्या की आम्हाला खुर्च्या द्याव्या लागतात.

पेन्सिलीचं_टोक
सगळ्यांचे आभार. मी शनिवारसाठी कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. विचारायचं: उत्तर येत असताना हात वर करते का. सांगायचं: आजोबा गेल्यापासून रात्री दिवा लावून झोपते. आणि रेघांची_वही म्हणाल्या तशी वेगळी वेळ मागायची. व्यवस्थापन समितीत कोण आहे तेही शोधलं. आमच्याच सोसायटीतली एक ताई निघाली, तिलाही "अगं हो, नाव दिलंय खरं" एवढंच ठाऊक होतं.

आणि आत्ता गटावर निरोप आला: बाईंना मतदार यादीच्या कामाला लावलंय, पालकसभा पुढे ढकलली आहे, तारीख नंतर कळवण्यात येईल.

शेवटचा_बाक
=))

कलमबहाद्दर
त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७. शिक्षकांना शाळेबाहेरची कामं नकोत म्हणतं, पण निवडणुकीचं काम चालतं त्यात.

जिप_गुरुजी
ताई, मीही त्याच यादीवर आहे, आत्ता एका ओसरीवर बसून नावं तपासतोय. सभेची वाट बघू नका. त्या तीनही गोष्टी चार ओळींत लिहून वहीत घालून द्या. आजोबांचं तर उद्याच द्या. बाई रात्री वह्या तपासतातच.

हिशेबनीस
एक शंका. अशी चिठ्ठी बाबांनी लिहिली तर चालते का? मुलाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे मॅडमना.

खडूची_धूळ
चालते. नाव आणि इयत्ता-तुकडी तेवढी नीट लिहा, बाबा तुकडी चुकवतात.

हिशेबनीस
थांबा, बायकोला विचारतो.